वर्कर कोण मारतो? गनिकॉर्नच्या मास्टर प्रोसेसवर केलेल्या कामाच्या नोंदी

४ मार्च

पायथनमध्ये लिहिलेले आमचे वेब ॲप्लिकेशन दर तीन-चार दिवसांनी काही मिनिटांसाठी अडते, वापरणाऱ्यांना कधी ५०२ (मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर न आल्याची चूक) तर कधी ५०४ (उत्तर वेळेत न आल्याची चूक) दिसते आणि नंतर सारे आपोआप सुरळीत होते. गेले वर्षभर यावर एकच उपाय चालू आहे: रोज पहाटे ४ वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, सगळे बंद करून पुन्हा सुरू करायचे. हा क्रॉन काढून टाकता आला पाहिजे, एवढेच या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे, जे आज बैठकीत कोणीच खात्रीने देऊ शकले नाही: वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस, मरतो तेव्हा त्याला नेमके कोण मारते?

मांडणी साधी आहे. चार कोअरचे मशीन, पुढे बाहेरच्या रिक्वेस्ट आत पोचवणारा एनजिनएक्स, त्यामागे पायथन ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर गनिकॉर्न आणि त्याचे सिंक प्रकारचे, म्हणजे एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारे, ९ वर्कर. ९ हा आकडा गनिकॉर्नच्या दस्तऐवजातील सूत्रातून आलेला आहे: कोअरची संख्या दुप्पट करायची आणि त्यात एक मिळवायचा. चालू प्रोसेसची यादी देणारी पीएस आज्ञा चालवली की दहा ओळी दिसतात. त्यांपैकी एक मास्टर, म्हणजे वर्करांवर देखरेख ठेवणारी प्रोसेस, असून उरलेल्या नऊ प्रोसेसचा पालक म्हणून त्याचाच क्रमांक लिहिलेला असतो. मास्टर सुरू होताना पोर्टवर सॉकेट, म्हणजे कनेक्शन घेण्याचे टोक, उघडतो, ते ऐकण्याच्या स्थितीत आणतो आणि त्यानंतर फोर्क करतो, म्हणजे स्वतःची प्रत काढून वर्कर बनवतो, त्यामुळे ते उघडे सॉकेट प्रत्येक वर्करकडे वारशाने येते. ही प्री-फोर्क पद्धत गनिकॉर्नने रुबीच्या जगातील युनिकॉर्नवरून घेतलेली आहे.

५ मार्च

नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याने आज विचारले, "मास्टर प्रत्येक वर्करला काम वाटून देतो ना? मग एकाच वर्करचा प्रोसेसर-वेळ इतरांच्या तिप्पट कसा?" प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर मी इतकी वर्षे मनात चुकीचे धरून बसलो होतो, हे मास्टरला एसट्रेस (प्रोसेसने कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागण्या दाखवणारे साधन) लावल्यावर कळले. रिक्वेस्ट येत-जात राहिल्या तरी मास्टरच्या हालचालींत त्यांचा मागमूस नसतो. तो सिलेक्ट या वाट पाहण्याच्या कॉलमध्ये झोपतो, एक सेकंदाने जागा होतो, प्रत्येक वर्करच्या नावाने असलेल्या एका फाइलची वेळ वाचतो आणि पुन्हा झोपतो. मधे एखादा सिग्नल (प्रोसेसला बाहेरून मिळणारी छोटी सूचना) आला तर त्याचा हँडलर, म्हणजे त्या सूचनेला प्रतिसाद देणारा कोड, एका पाइपमध्ये एक बाइट टाकतो आणि त्यामुळे मास्टर सेकंद पुरा होण्याआधीच जागा होतो. याखेरीज तो काहीही करत नाही. काम वाटणे त्याच्याकडे नाहीच.

वाटप होते ते कर्नेलच्या रांगेतून. नवे कनेक्शन आले की रिकामे असलेले सगळे वर्कर जागे होतात, त्यांतल्या ज्याचा ॲक्सेप्ट, म्हणजे कनेक्शन उचलण्याचा कॉल, आधी लागतो त्याला ते कनेक्शन मिळते आणि बाकीचे हात हलवत परत झोपतात. नऊ वर्करांच्या मानाने हा अपव्यय नगण्य आहे. पण यातून समान वाटपाची हमी कुठेच मिळत नाही, म्हणून हलक्या गर्दीत एक-दोन वर्करच बहुतेक काम उचलताना दिसतात. त्यात काही बिघाड नाही.

सगळे नऊ वर्कर गुंतलेले असतील तेव्हा काय होते, हे जास्त महत्त्वाचे आहे. कनेक्शन तेव्हाही स्वीकारले जाते, कारण टीसीपीचा प्राथमिक संवाद कर्नेलच पूर्ण करते आणि ते कनेक्शन रांगेत ठेवते. गनिकॉर्न या रांगेसाठी २०४८ ची मर्यादा मागतो, मात्र कर्नेलची स्वतःची कमाल मर्यादा त्याहून लहान असेल तर तीच लागू होते, लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपासून ती ४०९६ आहे, त्याआधी १२८ होती. एनजिनएक्सच्या दृष्टीने कनेक्शन जुळलेले असते, म्हणून तो उत्तराची वाट पाहत राहतो आणि ठरावीक ६० सेकंद उलटले की ५०४ देतो. म्हणजे आमच्याकडचे ५०४ हे रांगेत ताटकळलेल्यांचे आणि ५०२ हे काम चालू असताना वर्कर मेल्यामुळे उघडे पडलेल्यांचे असावेत. दोन्ही तक्रारी आजवर एकाच खात्यात टाकल्या जात होत्या.

७ मार्च

आज पूर्ण दिवस त्या फाइलवर घालवला आणि तो सार्थकी लागला.

प्रत्येक वर्कर जन्माला घालण्याआधी मास्टर एक तात्पुरती फाइल तयार करतो आणि लगेच तिचे नाव डिरेक्टरीतून पुसून टाकतो. नाव गेले तरी उघडा हँडल राहतो, आणि फोर्कनंतर तो मास्टर आणि वर्कर या दोघांकडेही असतो. चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक डिरेक्टरीत वर्करच्या उघड्या फाइलींची यादी पाहिली की एका ओळीत ती फाइल पुसलेली असल्याच्या शेऱ्यासह दिसते. वर्करने अधूनमधून या फाइलची वेळ ताजी करायची आणि मास्टरने दर सेकंदाला ती वाचायची, एवढाच दोघांमधला संवाद आहे. वर्कर कोणती रिक्वेस्ट हाताळतो आहे, ती किती पुढे गेली आहे, तो डेटाबेसची वाट पाहतो आहे की हिशोबात गुंतला आहे, यातले काहीही मास्टरला ठाऊक नसते. त्याला फक्त शेवटची खूण कधी उमटली ते कळते.

सिंक वर्कर ही खूण दोन रिक्वेस्टच्या मधल्या वेळेत उमटवतो. रिकामा असेल तर तो टाइमआउटच्या निम्म्या वेळाने, म्हणजे आमच्याकडे १५ सेकंदांनी, जागा होऊन ती उमटवतो. रिक्वेस्ट हातात असताना मात्र तो संपूर्ण गप्प असतो, आणि ही शांतता ३० सेकंदांपलीकडे गेली की मास्टर त्याला मेलेला समजतो. आधी अबॉर्ट सिग्नल पाठवला जातो, लॉगमध्ये 'वर्कर टाइमआउट' ही ओळ येते, आणि पुढच्या फेरीत तो अजून जिवंत दिसला तर किल सिग्नल जातो, जो कोणत्याही प्रोसेसला अडवता येत नाही. आमचा मासिक अहवाल ४० सेकंदांच्या आसपास वेळ घेतो. तो मागणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टचा वर्कर तिसाव्या सेकंदाला मारला जात होता, वापरणारी व्यक्ती पान पुन्हा मागत होती आणि दुसरा वर्करही त्याच वाटेने जात होता.

तर पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: मारणारा आमचाच मास्टर आहे आणि त्याला नेमून दिलेले काम तो चोख करतो आहे. टाइमआउट या शब्दामुळे आम्ही सगळे फसलो होतो, कारण ही रिक्वेस्टसाठी घालून दिलेली वेळमर्यादा असावी असे वाटत होते. प्रत्यक्षात ती वर्करच्या मौनाची मर्यादा आहे आणि सिंक वर्करच्या बाबतीत या दोन गोष्टी योगायोगाने एकच होतात.

८ मार्च

कालच्या निष्कर्षाला एक गाठ राहिली होती. लॉगमध्ये 'वर्कर टाइमआउट'च्या खाली काही वेळा वर्करला किल सिग्नल मिळाल्याची आणि कदाचित मेमरी संपली असावी अशी शंका व्यक्त करणारी ओळ येते. याच ओळीवर विश्वास ठेवून मागच्या वर्षी आमच्या संघाने दोन आठवडे मेमरी कुठे जाते ते शोधण्यात घालवले आणि मशीनची मेमरी दुप्पट करून घेतली. फरक काही पडला नाही.

ती ओळ खोटी नाही, अपुरी आहे. वर्कर मेला की कर्नेल मास्टरला सिगचाइल्ड हा सिग्नल पाठवते, मास्टर वेटपिड या कॉलने मृत्यूचे कारण वाचतो, आणि तिथे 'सिग्नल ९', म्हणजे किल, एवढेच लिहिलेले असते. हा सिग्नल मेमरी संपल्यामुळे कर्नेलने पाठवला की क्षणापूर्वी आपणच पाठवला, हे त्या नोंदीत नसते. कर्नेलचा स्वतःचा लॉग पाहिला असता तर वर्षभरात मेमरी संपल्याची एकही नोंद नाही, हे पाच मिनिटांत कळले असते. यापुढे सिग्नल ९ दिसला की आधी त्याच्या वरच्या ओळी आणि मग कर्नेलचा लॉग, हा क्रम मी संघाच्या कार्यपुस्तिकेत लिहून ठेवला आहे.

पण काही वर्कर अबॉर्टनेच मरतात आणि काहींना किल लागतो, असे का? हे उलगडायला दोन छोटे प्रयोग केले. पहिल्यात वर्करला पायथनच्या स्वतःच्या सॉकेटवर उत्तराची वाट पाहत बसवले. अबॉर्ट येताच वाट पाहणे तुटले, पायथनचा हँडलर चालला, वर्कर बाहेर पडला आणि लॉगमध्ये तो नेमका कोणत्या ओळीवर अडकला होता त्याचा पूर्ण माग उमटला. दुसऱ्यात त्याला पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसची लांब क्वेरी दिली. तिथे वाट पाहणे सी भाषेतल्या लायब्ररीच्या आत चालते. सिग्नलने ते क्षणभर खंडित झाले तरी लायब्ररी पुन्हा वाट पाहू लागते, आणि ती पायथनकडे परत येईपर्यंत पायथनमधला हँडलर चालूच शकत नाही. त्यामुळे अबॉर्ट पोचूनही निष्फळ ठरतो, पुढच्या सेकंदाला किल येतो आणि मागे काहीही उरत नाही. ज्या मृत्यूंचा माग सापडत नव्हता ते सगळे डेटाबेसच्या दारातले होते, हे आता म्हणता येते.

११ मार्च

दुरुस्तीचा पहिला टप्पा पूर्ण झाला. टाइमआउट ३०० करावा अशी सूचना आली होती आणि ती मी स्वीकारली नाही, कारण मग खरोखर अडकलेला प्रत्येक वर्कर पाच मिनिटे जागा अडवून बसेल आणि नऊ अडकले की सगळेच थांबेल. त्याऐवजी मासिक अहवाल वेब वर्करमधून काढून पार्श्वभूमीच्या रांगेत टाकला. पान आता "अहवाल तयार होत आहे" असे सांगून लगेच मोकळे होते.

त्याचबरोबर आतल्या मर्यादा बाहेरच्या मर्यादांपेक्षा लहान केल्या. बाहेरच्या सेवांना जाणाऱ्या कॉलना ५ सेकंद, पोस्टग्रेसमधील प्रत्येक क्वेरीला १५ सेकंद, त्यावर गनिकॉर्नचे ३० आणि सर्वांत बाहेर एनजिनएक्सचे ६०. क्वेरी लांबली तर पोस्टग्रेस स्वतः ती रद्द करतो, ॲप्लिकेशनला नेहमीसारखी चूक मिळते, वापरणाऱ्याला नीट संदेश देता येतो आणि वर्कर जिवंत राहतो. मास्टरची कुऱ्हाड पडण्याची वेळच येऊ नये, असा हा क्रम आहे.

१४ मार्च

पहाटे २ वाजता, साइटवर जवळजवळ कोणी नसताना, चार वर्कर 'टाइमआउट' म्हणून मारले गेले. त्यांच्या हातात एकही रिक्वेस्ट नव्हती. त्याच वेळी बॅकअप चालू होता आणि डिस्क सतत वाचण्या-लिहिण्यात गुंतलेली होती. तात्पुरत्या फाइली डिस्कवरच असल्यामुळे वेळ ताजी करण्याची साधी क्रियाही अडून राहिली आणि धडधाकट वर्कर मौनाच्या आरोपाखाली गेले. गनिकॉर्नचे दस्तऐवज याबद्दल स्पष्टपणे सावध करते. ती डिरेक्टरी मेमरीवर चालणाऱ्या शेअर्ड-मेमरी फाइलसिस्टिमवर हलवली. दहा मिनिटांचे काम.

१८ मार्च

वर्करांची संख्या किती असावी, यावर आज चालू मशीनवरच प्रयोग केला. मास्टरला टीटीआयएन सिग्नल दिला की एक वर्कर वाढतो, टीटीओयू दिला की एक कमी होतो. कमी करताना मास्टर वर्करांना वयानुसार लावतो आणि सर्वांत जुन्याला टर्म, म्हणजे काम आवरून थांबण्याचा, सिग्नल देतो. तो हातातली रिक्वेस्ट पूर्ण करूनच निघतो. ९ पासून एकेक करत १६ पर्यंत गेलो. १२ पर्यंत प्रतीक्षा थोडी घटली, त्यानंतर डेटाबेसवरच ताण वाढून प्रत्येक रिक्वेस्ट किंचित संथ झाली. १० वर थांबलो. एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: अशी वाढवलेली संख्या मास्टरच्या मेमरीतच राहते आणि हप सिग्नलने मांडणी पुन्हा वाचली गेली की ती फाइलमधल्या आकड्यावर परत येते. म्हणून तो आकडा फाइलमध्येही बदलला.

गर्दी वाढली की मास्टरने स्वतःहून वर्कर वाढवावेत, अशी अपेक्षा एका सहकाऱ्याने व्यक्त केली, कारण आमच्या जुन्या भागात पीएचपीचे वर्कर सांभाळणारा पीएचपी-एफपीएम आहे आणि तो तसे करतो. २०१० मध्ये पीएचपी ५.३.३ सोबत आलेल्या या व्यवस्थापकात संख्या स्थिर ठेवणे, गरजेनुसार बदलणे आणि मागणी आल्यावरच वर्कर जन्माला घालणे, असे तीन पर्याय आहेत. गरजेनुसार बदलण्याच्या पर्यायात तो दर सेकंदाला रिकाम्या वर्करांची मोजणी करतो, ते ठरवलेल्या किमान संख्येपेक्षा कमी असतील तर आधी एक, मग दोन, मग चार अशा वाढत्या गतीने नवे आणतो, आणि ही गती मूळ मांडणीत एका फेरीत ३२ पर्यंतच वाढते. हे त्याला जमते, कारण त्याचा प्रत्येक वर्कर मी गुंतलेलो आहे की रिकामा, हे सामायिक मेमरीतील एका फलकावर लिहीत असतो. गनिकॉर्नच्या मास्टरकडे तो फलक नाही. नसलेल्या माहितीवर तो निर्णय घेत नाही, आणि आमच्यासारख्या चार कोअरच्या, डेटाबेसवर अवलंबून असलेल्या ॲप्लिकेशनसाठी मला स्थिर संख्याच अधिक भरवशाची वाटते. गर्दीच्या क्षणी आणखी वर्कर आणून आम्ही तो भार डेटाबेसवर ढकलला असता.

२४ मार्च

आजची चूक माझी आहे आणि ती सविस्तर लिहितो.

मेमरी वाचावी म्हणून प्रीलोड चालू केला होता. एरवी प्रत्येक वर्कर फोर्कनंतर ॲप्लिकेशन स्वतंत्रपणे लोड करतो. प्रीलोडमध्ये मास्टर ते आधीच लोड करतो आणि मग फोर्क करतो. फोर्कनंतर पालक आणि मूल सुरुवातीला मेमरीची तीच पाने वापरतात आणि ज्या पानावर कोणी लिहील त्याचीच वेगळी प्रत काढली जाते. बचत खरी असते, पण पायथनमध्ये हळूहळू विरते, कारण प्रत्येक ऑब्जेक्टसोबत संदर्भांची मोजणी ठेवलेली असते आणि ऑब्जेक्ट नुसता वाचला तरी ती मोजणी बदलते, म्हणजे पान लिहिले जाते. पायथन ३.७ मध्ये आलेली जीसी-फ्रीझ ही सोय नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या कचरा-संकलकामुळे होणारे लिखाण टाळते, संदर्भमोजणीचे टाळत नाही.

इथपर्यंत ठीक होते. पण आमचे एक मॉड्यूल लोड होतानाच डेटाबेसचे कनेक्शन उघडते, हे मी पाहिले नव्हते. प्रीलोडमुळे ते कनेक्शन मास्टरमध्ये, फोर्कच्या आधी उघडले गेले आणि दहाही वर्करांना तेच एक सॉकेट वारशाने मिळाले. दोन वर्करांनी एकाच वेळी क्वेरी पाठवल्या की एकाच तारेवर दोघांचे बाइट मिसळले. कनेक्शन एन्क्रिप्टेड असल्यामुळे पलीकडून आलेला मजकूर उलगडता येईना आणि लॉगमध्ये डिक्रिप्शन फसल्याच्या चुका सुरू झाल्या. एन्क्रिप्शन नसते तर कदाचित एकाच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या पानावर गेले असते, आणि हा विचार दिवसभर माझ्या मनातून गेला नाही. वीस मिनिटांत प्रीलोड बंद केला.

संध्याकाळी मॉड्यूल दुरुस्त केले: कनेक्शन आता पहिल्या वापराच्या वेळी उघडते, आणि फोर्कनंतर वर्करमध्ये चालणाऱ्या हुकमध्ये सर्व वारसा-कनेक्शन टाकून दिली जातात. चाचणीत मुद्दाम मास्टरच्या उघड्या फाइली मोजणारी एक तपासणी घातली आहे. ऐकणाऱ्या सॉकेटखेरीज एकही नेटवर्क कनेक्शन मास्टरकडे सापडले तर ती नापास होते. प्रीलोड तूर्त बंदच ठेवला आहे.

२७ मार्च

वर्करची मेमरी आठवडाभरात हळूहळू फुगते. मूळ गळती एका प्रतिमा-प्रक्रियेच्या लायब्ररीत आहे असा संशय आहे आणि तिचा शोध वेगळा चालू राहील. तोपर्यंत प्रत्येक वर्करने २००० रिक्वेस्टनंतर स्वतःहून निवृत्त व्हावे, अशी मर्यादा घातली. दुपारच्या गर्दीत सगळे वर्कर जवळपास सारखेच भरलेले असतात, म्हणून ते सर्व थोड्याच अंतराने निवृत्त झाले, आणि नव्या वर्करला ॲप्लिकेशन लोड करायला सहा सेकंद लागत असल्यामुळे रांग अचानक वाढली. मर्यादेत ४०० पर्यंतची यादृच्छिक भर घालण्याची सोय आहे, ती लावल्यावर निवृत्त्या विखुरल्या. ही सोय पहिल्याच दिवशी वापरायला हवी होती.

२ एप्रिल

नवी आवृत्ती चढवताना मूठभर ५०२ नेहमी येतात. चाचणी-मशीनवर आमचे कंटेनर (डॉकरने ॲप्लिकेशन वेगळे बांधून चालवण्याची चौकट) तपासले तर त्यातली पहिली प्रोसेस गनिकॉर्न नव्हतीच; शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) होते आणि गनिकॉर्न त्याचे मूल होते. कंटेनर थांबवताना टर्म सिग्नल पहिल्या प्रोसेसला जातो, शेल तो पुढे पोचवत नाही, आणि डॉकर १० सेकंद वाट पाहून सगळ्यांनाच किल करतो. म्हणजे गनिकॉर्नला निरोप घेण्याची संधी कधी मिळालीच नव्हती. सुरुवातीच्या आज्ञेत एक्झेक हा शब्द घातला, त्यामुळे शेलच्या जागी गनिकॉर्नच पहिली प्रोसेस झाला. टर्म मिळाल्यावर मास्टर वर्करांना हातातले काम संपवण्यासाठी मूळ मांडणीत ३० सेकंद देतो, जे डॉकरच्या १० सेकंदांत बसत नाहीत, म्हणून डॉकरची मुदत ४० केली.

५ एप्रिल

कंटेनरबाहेर चालणाऱ्या आमच्या दुसऱ्या मशीनवर नवा कोड हप सिग्नलने चढवला जातो. मास्टर मांडणी पुन्हा वाचतो, नव्या वर्करांचा पूर्ण संच उभा करतो आणि मग जुन्यांना टर्म देतो. काही सेकंद दोन्ही संच एकत्र असतात, म्हणून डेटाबेसकडे दुप्पट कनेक्शनची सोय ठेवावी लागते.

आज चाचणीत मुद्दाम मोडका कोड ठेवून हप दिला. माझा अंदाज होता की नवे वर्कर उठणार नाहीत आणि जुने काम करत राहतील. तसे झाले नाही. सुरू होतानाच अपयशी ठरलेला वर्कर ३ हा निर्गमन-क्रमांक घेऊन मरतो, मास्टर तो क्रमांक ओळखतो आणि अशा वर्करला पुन्हा पुन्हा जन्म देत बसण्याऐवजी स्वतःसकट सर्व काही बंद करतो. पहिल्या सुरुवातीच्या वेळी हे वागणे योग्यच आहे, पण चालू साइटवर त्याचा अर्थ पूर्ण बंद असा होतो. म्हणून आता हप देण्याआधी मांडणी आणि ॲप्लिकेशन लोड होते का, हे तपासण्याची गनिकॉर्नची आज्ञा सक्तीची केली आहे. मोठ्या बदलांसाठी यूएसआर-२ हा सिग्नल वापरायचा ठरवले: त्याने तेच सॉकेट घेऊन दुसरा मास्टर शेजारी उभा राहतो, आणि तो पडला तरी पहिला जागचा हलत नाही.

९ एप्रिल

मास्टरच मेला तर? चाचणी-मशीनवर मास्टरला किल दिला आणि घड्याळ लावून बसलो. वर्कर लगेच मेले नाहीत. आपल्या पालकाचा क्रमांक बदलला का, हे प्रत्येक वर्कर रिकामा असताना तपासतो, आणि रिकामा वर्कर जागा होतो तो नव्या कनेक्शनने किंवा १५ सेकंदांनी. तोपर्यंत ऐकणारे सॉकेट त्यांच्याच हातात उघडे राहते. मी हाताने लगेच नवा मास्टर सुरू केला, त्याने पोर्ट व्यापलेले असल्याचे सांगत सेकंदासेकंदाने पाच प्रयत्न केले आणि हार मानली. वर्कर त्यानंतर काही सेकंदांनी 'पालक बदलला' अशी नोंद करून शांतपणे निघून गेले. प्रत्यक्ष मशीनवर सेवा सुरू-बंद करणारा सिस्टिमडी आहे आणि मुख्य प्रोसेस गेली की गटातल्या उरलेल्या सर्व प्रोसेस तो आधी संपवतो, त्यामुळे तिथे ही अडचण आली नाही. तरीही पुन्हा सुरू करण्याआधीचे अंतर २ सेकंद केले आहे.

१५ एप्रिल

क्रॉन काढून आज दहा दिवस झाले. या काळात वर्कर टाइमआउटची एकही नोंद नाही.

काही पाने बाहेरच्या सेवांची फार वाट पाहतात, म्हणून एका वर्करमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, चालवणारा प्रकार वापरावा असा प्रस्ताव आहे. आज तो चाचणीत लावला, प्रत्येक वर्करला चार थ्रेड दिले आणि चारही थ्रेड कधीच न संपणाऱ्या वाट पाहण्यात अडकवले. ३० सेकंद गेले, दोन मिनिटे गेली, मास्टर गप्पच. कारण या प्रकारात खूण उमटवण्याचे काम मुख्य थ्रेड करतो आणि तो मोकळाच असतो. फाइलची वेळ दर क्षणी ताजी होत होती, वर्कर मास्टरच्या लेखी ठणठणीत होता आणि एकाही रिक्वेस्टचे उत्तर देत नव्हता. ७ मार्चला लिहिलेला योगायोग इथे सुटला: मौनाची मर्यादा तीच राहिली, रिक्वेस्टची मर्यादा मात्र नाहीशी झाली.

म्हणून थ्रेडचा प्रकार लगेच चालू करत नाही. आधी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉलला वेळमर्यादा आहे याची कोडमध्ये तपासणी होईल, आणि एनजिनएक्समधून दर दहा सेकंदांनी प्रत्यक्ष उत्तर मागणारी एक छोटी रिक्वेस्ट पाठवून त्या उत्तराला लागलेला वेळ नोंदवला जाईल. आजवर सापडलेल्या कॉलपैकी तीन ठिकाणी मर्यादा नव्हती. ती उद्या घालायची आहे.